पोटमाळ्यावरची गळती

टेक्सासला लेकीकडे गेले तेव्हा बैठकीची खोली गार आणि नातवंडांची खोली म्हणजे भट्टी! तिकडे थंड हवेचे डक्ट पोटमाळ्यावरून जातात, अन् उन्हाळ्यात तिथे पाच मिनिटे थांबवत नाही. जावयांनी सांध्यांना डक्ट टेप गुंडाळली होती. नाव डक्टचे, पण उष्णतेने तिचा गोंद सुटतो. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेच्या चाचणीत ती सपशेल नापास झाली होती. अमेरिकेतल्या साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा अशीच वाया जाते. बिल मात्र पुरे! मग सांधे पुसून ब्रशने मॅस्टिकचा जाड लेप दिला, तो वाळल्यावर वरून फायबरग्लासची गादी गुंडाळली. आधी लेप, मगच गादी. नुसत्या गादीने गळती झाकते, थांबत नाही. दुसऱ्या रात्री नातू चादर मागत उठला.

आपल्याकडे डक्ट नसतात, पण स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळीवरचा काळा फोम उन्हाने फाटलाय का, तेवढे बघा.