इंजिन ३९०चं, ब्रेक रामभरोसे

या शनिवारचा लेख जरा चिडूनच लिहितोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर "सूर फार चढा होता हो" असं म्हणायला नको.

विषय आहे इंजिन स्वॅप. एका स्पोर्ट बाइकच्या सांगाड्यात तिच्याच थोरल्या बहिणीचं, जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं. आपल्याकडे यातला सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे केटीएम आरसी २००मध्ये ३९०चं इंजिन. दोन्ही गाड्या चाकणच्या, चेसिस जवळपास सारखी, बाहेरून बघितलं तर स्टिकर सोडून फारसा फरक नाही. हे काम करणारे लोक याला 'प्लग अँड प्ले' म्हणतात. वर '२००'चं स्टिकर तसंच ठेवायचं, सिग्नलला शेजारच्याला गाफील पकडायचं, आणि त्याचा व्हिडिओ करायचा. बस्स, मोक्ष!

माझ्या मावसभावाने हेच केलं. गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. गाडी एमएच ३७, २०१६ची, सेकंडहँड. इंजिन एका अपघातात मोडलेल्या ३९०चं. सगळं मिळून सव्वा लाख खर्च आला, आणि त्यातले चाळीस हजार पुण्याहून कोणी पाठवले? अस्मादिकांनी! नुकताच बोनस झाला होता. "दादा, तू फक्त पाय, हिले जिल्ह्यात कोणी पकडत नाई आता," असा त्याचा फोन, आणि इकडे एसीत बसून माझी कॉलर ताठ. म्हणजे मी काही धुतल्या तांदळाचा नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

मागच्या ऑक्टोबरमध्ये, ऐन सोयाबीनच्या सुगीत, मालेगाव-रिसोड रस्त्यावर (नाशिकवालं मालेगाव नव्हे, आमचं वाशिमचं) तो पडला. शेताच्या वाटेवरून एक म्हातारे आजोबा सायकल घेऊन रस्त्यावर आले. रस्त्यावर सोयाबीनचं कुटार पसरलेलं. भावाने ब्रेक दाबला, पुढचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि घसरत जाऊन सायकलवर आदळली. भावाचं कॉलरबोन मोडलं. आजोबांचा खुबा. आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि अजून काठीशिवाय चालत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे तर साध्या २००वरही झालं असतं. बरोबर, मीही पहिले दोन दिवस हेच म्हणत होतो. मग शांतपणे आकडेमोड केली.

जुन्या आरसी २००ची ताकद २५ पीएस, ३९०ची ४३च्या आसपास. टॉर्क १९वरून थेट ३५ न्यूटन-मीटर. भाऊ सांगतो की स्पीडोमीटरवर ११० होते. दोन वळणांच्या मधला तो सरळ तुकडा एवढा लहान आहे की तिथे त्याची जुनी २०० नव्वदच्या पुढे कधी गेलीच नव्हती, हेही तोच सांगतो. ९० आणि ११०, फरक वीसचा. पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती झाली जवळपास दीडपट. ब्रेक तेच, टायर तेच, कुटार तेच. आणि २०१६च्या आरसी २००ला एबीएस नव्हतं.

इथे स्वॅपवाल्यांचा हुकमाचा पत्ता येतो. "चेसिस सारखी आहे ना? कंपनीनेच त्यात ३९०चं इंजिन बसवलंय, मग आम्ही बसवलं तर काय बिघडलं?"

अहो, पण कंपनीने नुसतं इंजिन बसवलं नाही! २०१४च्या सप्टेंबरमध्ये आरसी २०० आणि आरसी ३९० भारतात एकत्रच आल्या. ३९०ला पहिल्या दिवसापासून एबीएस होतं आणि चांगल्या पकडीचे मेट्झेलर टायर होते. २००ला दोन्ही नव्हतं. ज्या इंजिनिअरांनी ती चेसिस काढली, त्यांनाच वाटलं की एवढी ताकद द्यायची तर थांबवायची सोयही द्यायला हवी. तुम्ही त्यांच्या निर्णयाचा अर्धा भाग उचललात, आणि जो अर्धा सोडलात तोच जीव वाचवणारा होता. भावाच्या बाबतीत इंजिन बदललं, ईसीयू बदलला, वायरिंग बदललं, रेडिएटर बदलला. म्हणजे गाडी पळायला जे जे लागतं ते सगळं. एबीएसचं युनिट मात्र "खर्च वाढते" म्हणून राहिलं, आणि टायर "चांगले आहेत अजून" म्हणून राहिले.

ज्यांनी कॉलेजात असताना घरी पीसी असेंबल केलाय त्यांना हे लगेच कळेल. प्रोसेसर दुप्पट ताकदीचा आणायचा, आणि पॉवर सप्लाय अन् पंखा जुनाच ठेवायचा. फरक इतकाच, की तिथे मशीन रीबूट होतं. इथे ती सोय नाही.

दुसरा युक्तिवाद काकालोकांचा. "आम्ही नाही का आरएक्स १००ला १३५चा सिलेंडर लावला? काय झालं आम्हाला?" काका, तुमच्या आरएक्स १००ची ताकद होती ११ अश्वशक्ती. १३५ची १२, आणि पाच गिअरवाली घेतली तर १४. तुम्ही वाढवलेत एक ते तीन घोडे. तुमच्या पुतण्याने एका रात्रीत अठरा वाढवले. आठवणी तुमच्या गोड असतील, पण हिशेब वेगळा आहे.

तिसरा युक्तिवाद "गाडी माझी, पैसा माझा, जीव माझा". यातलं पहिलं सुद्धा पूर्ण खरं नाही. आरसी बुकावर चेसिस नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो, आणि सीसीही असते. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर निकाल दिला, तोही याच अर्थाचा. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आणलं. त्यात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय ते मोडक्या गाडीचं इंजिन मुळात कुणाचं, त्या नंबरावर काही भानगड आहे का, हे किती जण तपासतात?

आणि "जीव माझा"? आजोबांचा खुबा कोणाचा होता मग?

खरी मेख विम्यात आहे. दुचाकीचा थर्ड पार्टी विमा सीसीवर ठरतो. जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, आणि ३५०च्या वर २,८०४. आरसी २००ची क्षमता १९९.५ सीसी, ३९०ची ३७३. म्हणजे भाऊ ३७३ सीसी चालवत होता आणि हप्ता २००चा भरत होता. सर्व्हेअर आला, त्याने इंजिन नंबर बघितला, फोटो काढला आणि गप्प राहिला. गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच संपला. आजोबांचं प्रकरण चालू आहे, आणि वकील म्हणतात की कंपनीने भरपाई दिलीच तर ती आपल्याकडून वसूल करायला पाठीमागे लागेल. दवाखान्याचं बिल मात्र थांबत नाही. काकांनी त्या वर्षीचं सोयाबीन भाव नसताना विकलं आणि आजोबांच्या मुलाच्या हातात पैसे ठेवले. ज्या माणसाने आयुष्यात बाइकचा गिअर टाकला नाही, त्याने या स्वॅपचा शेवटचा हप्ता भरला.

आता थोडं दुसऱ्या बाजूने. कायदा इथे शहाणा आहे असं मी म्हणत नाही. जर्मनीत तुम्ही बदललेली गाडी टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेकडे नेऊ शकता. ते ब्रेक बघतात, धूर बघतात, आणि पास झाली तर बदल कागदावर चढवून देतात. आपल्याकडे मंजूर सीएनजी किट बसवायचं असेल तर रस्ता आहे, इलेक्ट्रिक किटला सुद्धा आहे. पण एखाद्या पोराने खरंच एबीएस, टायर, सगळं नीट करून मोठं इंजिन बसवलं आणि "तपासा" म्हणून प्रामाणिकपणे गाडी आणली, तर त्याच्यासाठी खिडकीच नाही. अशी खिडकी हवी, यासाठी कोणी भांडत असेल तर माझी सही घ्या. पण खिडकी नाही म्हणून कुटारावरचं घर्षण वाढत नाही, हेही तितकंच खरं.

शिवाय हे सगळं कशासाठी? समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. अकोला-वाशिम-हिंगोली रस्ता आहे, पण चौपदरी रस्त्यावर दुचाकीची मर्यादा ८०, आणि मालेगाव-रिसोडसारख्या रस्त्यांवर ६०. साधी आरसी २०० या दोन्ही मर्यादा मोडून वर उरते! हवीच असेल ३९०, तर हिशेब सोपा आहे. जुनी २०० विकून आलेल्या पैशांत भावाने उडवलेले सव्वा लाख घातले असते, तर सेकंडहँड अख्खी ३९० दारात उभी राहिली असती. एबीएससकट, खऱ्या कागदांसकट. पण त्यात 'गंमत' नाही म्हणे. गंमत स्टिकर खोटं असण्यात आहे.

तेव्हा पुण्या-मुंबईत बसलेल्या माझ्यासारख्यांना एकच सांगायचंय. गावाकडचा भाऊ, भाचा, मित्र असा फोन करेल, तेव्हा त्याला विचारा की एबीएसचे किती, टायरचे किती, आणि कागदांचं काय. उत्तर नसेल तर पैसे पाठवू नका. रागावला तर रागावू द्या. पाठवायचेच असतील तर अख्ख्या गाडीसाठी पाठवा.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, ब्रेक तं दाबला होता म्या." मला काही उत्तर सुचलं नाही. त्याने दाबला होता हे खरंच आहे.

इंजिन काढून २००चं परत बसवायला पैसे लागणार आहेत. यावेळी ते मी पाठवतोय, आणि आजोबांच्या फिजिओथेरपीचेही.