परांची उतरवायची कधी?



बांधकामावर एक शब्द नेहमी कानावर येतो: परांची. काही भागांत पायाड म्हणतात. बांबू किंवा लोखंडी पाइप बांधून उभा केलेला तात्पुरता सांगाडा. गवंडी त्यावर उभा राहून भिंत चढवतो, रंगारी रंग देतो. काम झालं की परांची उतरते.

दुसरा शब्द सेंटरिंग. ओल्या स्लॅबला स्वतःचं वजन पेलत नाही, म्हणून खालून फळ्या आणि टेकू. आणि तिसरा, चौकट. ती भिंतीत बसते ती कायमची.

तिन्ही आधारच. पण धंद्यात आपण तिघांची गल्लत करतो. माझं स्पष्ट मत सांगतो: आधार घेण्यात काही कमीपणा नाही, पण घेतानाच तो कधी काढायचा हे ठरवलं नाही, तर तोच आधार तुमचा हिशोब खोटा करतो.

समजा, तुम्ही घरी चकली करून विकता. किलोला माल आणि गॅस 190 रुपये, पॅकिंग 20, विक्री 270. तुम्ही म्हणता, 60 रुपये सुटले! पण तळायला आई बसते, तिची मजुरी शून्य. जागा घरची, भाडं शून्य. उद्या ऑर्डर वाढली, बाई ठेवली, किलोला 45 रुपये मजुरी गेली. राहिले 15. त्यातून गाळ्याचं भाडं निघेल का? आई ही परांची होती, तुम्ही तिला नफा समजलात.

सेंटरिंगचंही तसंच. आयएस 456 या भारतीय मानकात साध्या सिमेंटच्या स्लॅबसाठी मुदत दिली आहे: अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान 7 दिवस, जास्त असेल तर 14 दिवस. लवकर काढाल तर स्लॅब बसेल. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातही अनुदान लगेच खर्चाला मिळत नाही. बँक ते 3 वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते, धंदा चालू आहे हे तपासल्यावर कर्जात वळतं करते. म्हणजे धंदा 'सेट' व्हायला वेळ लागतो, हे त्यात धरलेलंच आहे. म्हणून पहिल्याच वर्षी नोकरी सोडून, हातातली शिल्लक संपवून मोकळं होऊ नका.

आणि चौकट? रोजची वही, धंद्याचं वेगळं बँक खातं, उधारीचा नियम. "आता जम बसला" म्हणून हे कधीही काढायचं नाही.

आज रात्री एवढंच करा. तुमच्या धंद्याचे सगळे आधार कागदावर लिहा. प्रत्येकापुढे परांची, सेंटरिंग की चौकट ते लिहा. पहिल्या दोघांपुढे तारीख टाका. आईची मजुरी मात्र उद्यापासूनच हिशोबात धरा.

चला, कामाला लागा!