घाटावरचं आरमार

गोव्याचा माणूस बेळगावला जातो तो साधारण तीन कारणांसाठी. दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि सोयरीक. गेल्या दिवाळीत मी गेलो तो तिसऱ्या कारणाने. चोर्ला घाट चढून शहापुरात पोचलो तर यजमानांच्या अंगणात त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाने किल्ला मांडला होता. बेळगावात दिवाळीला पोरं किल्ले करतात हे काही नवं नाही. पण या पठ्ठ्याने कपडे धुवायच्या टबात माती रचून सिंधुदुर्ग केला होता, आणि भोवतीच्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडल्या होत्या.

"सगळेजण रायगड करतात. मी पाण्यातला केलोय," तो म्हणाला. मग होडी बोटाने ढकलत त्याने विचारलं, "काका, हे आरमार पुढं कुठं गेलं हो?"

मी चहाचा कप तोंडाला लावला. आमच्यासारख्यांची ही जुनी युक्ती. पण प्रश्न काही पाठ सोडीना.

खरं सांगायचं तर आरमाराचा जन्म आपल्याला तोंडपाठ असतो. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः जहाजावर चढून बसरूरवर गेले. हे बसरूर आजच्या कर्नाटकातल्या उडुपी जिल्ह्यात आहे. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांत हे सगळं दिव्यांच्या झगमगाटात दिसतं, आणि ते पाहताना माझाही ऊर भरून येतो. तक्रार आहे ती वेगळी. चित्ररथावर जहाज असतं, सुतार नसतो.

तो सुतार कोण होता ते आम्हा गोवेकरांनी तरी विसरू नये. पहिली जहाजं बांधायला रुय लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा असे पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगिजांना धोका कळला, त्यांनी दबाव आणला आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. आरमार मात्र थांबलं नाही, कारण तोवर काम आपल्या माणसांच्या हाताखालून गेलेलं होतं. पुढे या आरमाराचे सरदार झाले मायनाक भंडारी आणि दौलतखान. १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटावर इंग्रजांची मोठी जहाजं पहाऱ्याला उभी असताना आपली वल्ह्यांची हलकी गलबतं रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिली. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. भंडारी, कोळी, मुसलमान, सगळे एकाच गलबतावर. कोण कुठल्या भाषेत वल्हं मारतो हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. सीमाभागात बसून हे लिहिताना ते विशेष जाणवतं.

आणि घाटावरच्या माणसाचा या समुद्राशी काय संबंध, असं कुणी म्हणू नये. जहाजाला लागतं सागवान आणि ते वाढतं सह्याद्रीत. रामचंद्रपंत अमात्य हे घाटमाथ्यावरच्या बावड्याचे. त्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांसारखंच आरमारालाही स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, हा त्यातला सल्ला. आंबा-फणसाची झाडं लाकडासाठी तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही त्यातच आहे. छोट्या राज्याने आपल्या ऐपतीत आरमार कसं राखावं याचा इतका व्यवहारी विचार आपल्या भाषेत तीनशे वर्षांपूर्वी झाला होता.

मग ते गेलं कुठं?

परतताना मी वाट वाकडी केली. निपाणीहून राधानगरी, फोंडा घाट, नांदगावचा तिठा आणि तिथून विजयदुर्ग. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा त्यांना घेता आला नव्हता. १७५६ च्या फेब्रुवारीत याच विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची जहाजं जळाली. जाळली इंग्रजांनी, पण त्यांना बोलावणं पेशव्यांचं होतं. तुळाजी आंग्रे डोईजड झाले म्हणून आपणच आपलं आरमार परक्याच्या तोफेपुढे धरलं. पुढे पेशव्यांनी आनंदराव धुळपांच्या हाताखाली ते पुन्हा उभं केलं, १७८३ मध्ये धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज धरून आणलं, पण समुद्रावरचा वरचष्मा गेला तो गेलाच.

माझ्या मते भाऊबंदकी हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं असं की, किनाऱ्यालगत ज्यांनी पराक्रम केला ती गलबतं आपण पिढ्यानपिढ्या तशीच वापरली. समोरचा लांब पल्ल्याची जहाजं आणि तोफा सुधारत होता, आपण मोठ्या तोफांसाठी बऱ्याच अंशी त्याच्याच दुकानात जात होतो. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीकाठी आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे. किल्ल्यावर पर्यटकांच्या बसगाड्या, गोदीवर मी एकटा. आपली आठवण तटबंदीपाशी संपते ती अशी.

मालवणात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनी राजकोटावर उभा केलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. २०२५ मध्ये तिथे नवा उभा राहिला. समोर समुद्रात साडेतीनशे वर्षांचा सिंधुदुर्ग लाटा खात उभाच होता. घाईने मान दिला की असं होतं.

याउलट एक गोष्ट. म्हादई उगम पावते बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या रानात, आणि गोव्यात येऊन मांडवी होते. तिच्या पाण्यावरून आमचं आणि कर्नाटकाचं भांडण लवादापर्यंत गेलं. याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर एका छोट्या गोदीत नौदलासाठी एक शिडाची नौका बांधली गेली, तिचं नाव 'म्हादई'. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पुढे अभिलाष टॉमी कुठेही न थांबता करून आले. आणि १९५७ मध्ये पोर्तुगिजांनी वास्कोत काढलेल्या गोदीचं आज गोवा शिपयार्ड झालं आहे. श्रीलंकेच्या छोट्या नौदलासाठी 'सयुराला' ही गस्तीनौका तिथेच बांधून २०१७ मध्ये दिली गेली. व्हिएगस निघून गेला, विद्या राहिली, असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली याचा आनंद मलाही आहे. पण ती चौकट ज्यांच्या जिवावर टिकेल ते वेल्डर, सुतार, आरेखक बेळगाव-निपाणीच्या पोरांतून किती निघणार, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बेळगाव तर ओतकामाच्या कारखान्यांचं गाव. कानडी शाळेतला असो की मराठी शाळेतला, लोखंडाला दोघांचेही हात सारखेच.

घरी पोचल्यावर शहापूरला फोन केला. त्या पोराला आरमार कुठं गेलं ते जमेल तसं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपणच जाळलं की हो काका." मी म्हटलं, "हो रे बाबा. आता पुढच्या दिवाळीला किल्ल्याशेजारी एक गोदी पण कर." त्यावर त्याचा प्रश्न तयारच होता. "गोदी कशी असते ते बघायला कधी नेताय?"

मे महिन्यात नेतो म्हणून शब्द देऊन बसलोय.