चोवीस चित्रांचा हिशेब

गेल्या दिवाळीत आमच्या घरी नवा दूरदर्शन संच आला. दुकानदाराने गुणवर्णन करताना १२० हर्ट्झ या आकड्यावर विशेष भर दिला होता. आकडा मोठा म्हणजे माल सरस, अशी आपणा व्यापाऱ्यांची जुनी समजूत. त्यामुळे आम्हीही अधिक चौकशी केली नाही. भाऊबीजेला, सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपल्यावर, मातोश्रींच्या आवडीचा ‘श्यामची आई’ लावला. आचार्य अत्रे यांचा हा १९५३ सालचा चित्रपट त्यांनी लहानपणी थिएटरात पाहिलेला. दहा मिनिटांतच त्या म्हणाल्या, “हा तो सिनेमा नव्हे. कुणीतरी तो पुन्हा नव्याने काढलेला दिसतोय.”

आम्ही हसलो. नट तेच, संवाद तेच, चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ. परंतु लक्षपूर्वक पाहू लागलो तेव्हा मातोश्रींचे म्हणणे पटू लागले. माणसे तेलावरून घसरावीत तशी हलत होती, आणि सारा चित्रपट कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओसारखा भासत होता. असे का व्हावे, याचा हिशेब आज वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

चित्रपटात खरी हालचाल नसतेच. स्थिर चित्रे एकामागून एक झरझर पुढे सरकतात आणि आपले मन त्यांतून हालचाल घडवते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला, तेव्हा यंत्र हाताने फिरवीत आणि सेकंदाला सुमारे १६ चित्रे पडद्यावर पडत. मूकपटांच्या काळात हा वेग कमीअधिक होत असे. यंत्रचालकाने हात जरा जोरात चालवला की पडद्यावरचा राजाही धावू लागे. प्रेक्षक ते खपवून घेत, कारण डोळा अशा बाबतीत उदार आहे. कान तसा नाही. बोलपट आले आणि वेग स्थिर ठेवणे भाग पडले. वेग किंचित बदलला तरी गाणे बेसूर होई. अमेरिकेतील अभियंत्यांनी १९२०च्या दशकात मिनिटाला ९० फूट फिल्म, म्हणजे सेकंदाला २४ चित्रे, हे प्रमाण ठरवले. पुढे साऱ्या जगाने तेच स्वीकारले.

२४ हा आकडा ऐकला की आपल्या मनात चोवीस तीर्थंकरांचे स्मरण होते. सिनेमातील चोवीस मात्र शुद्ध व्यवहारातून आला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. अडीच तासांच्या चित्रपटाला १३,५०० फूट फिल्म लागते आणि तीत २,१६,००० चित्रे असतात. वेग दुप्पट केला तर फिल्म २७,००० फूट लागणार. चित्रीकरणाचा खर्च वाढणार, आणि गावोगाव जाणाऱ्या प्रत्येक प्रतीचाही. वेग फार कमी ठेवला तर आवाज बिघडणार. या दोहोंमध्ये जे परवडले ते चोवीस. काटकसरीतून निघालेल्या या आकड्यानेच पुढे सिनेमाचे रूप ठरवले. सेकंदाला चोवीस चित्रे घेताना हलत्या वस्तूची कड किंचित पुसट उमटते. दोन चित्रांमधील जागा प्रेक्षकाचे मन भरते. सिनेमाला जो स्वप्नासारखा दुरावा असतो, त्यात या पुसटपणाचा मोठा वाटा आहे.

या फिल्मचा आणखी एक हिशेब होता, जो आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक असेल. फिल्मवर प्रकाश टिपणारा जो थर असतो, त्यातील चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये धरलेले असतात. आणि हे जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. मिठाई घेताना आपण घटकांची यादी बारकाईने वाचतो. पण धार्मिक चित्रपटाची फिल्मही जिलेटिनवाचून होत नव्हती, हे आपल्या ध्यानीही नव्हते. आज चित्रपट संगणकीय रूपात चित्रगृहात येतो. नव्या यंत्रांत काहीच दोष नाहीत असे म्हणता येणार नाही. पण हजारो फूट जिलेटिन सुटले, हा लाभ आपण मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

फिल्म गेली तशी तिने घातलेली मर्यादाही गेली. चित्रांची संख्या वाढवण्याचा खर्च पूर्वीसारखा राहिला नाही. २०१२ साली पीटर जॅक्सन यांनी ‘द हॉबिट’ सेकंदाला ४८ चित्रांनी दाखवला. अंग ली यांनी २०१६ साली ‘बिली लिन’ आणि २०१९ साली ‘जेमिनी मॅन’ हे चित्रपट तब्बल १२० चित्रांच्या वेगाने घेतले. त्यांतील पहिला पूर्ण स्वरूपात दाखवू शकतील अशी चित्रगृहे जगात मोजकीच होती. अधिक चित्रे म्हणजे अधिक सत्य, अशी या दिग्दर्शकांची श्रद्धा होती. पुष्कळ प्रेक्षकांना मात्र उलटा अनुभव आला. चित्र इतके स्पष्ट झाले की राजवाडा लाकडी सेट वाटू लागला आणि चेहऱ्यावरची रंगभूषा डोळ्यांत भरू लागली. जेम्स कॅमेरून यांनी २०२२च्या ‘अवतार’मध्ये मधला मार्ग काढला. जिथे लाभ होता, अशा प्रसंगांत ४८ आणि इतरत्र नेहमीचीच २४ चित्रे. वेगाला त्यांनी औषधाच्या मात्रेसारखे वापरले.

या सर्वांनी निदान कॅमेऱ्याने टिपलेलीच चित्रे दाखवली. आमच्या घरच्या संचाचे प्रकरण वेगळे होते. १२० हर्ट्झ हा आकडा स्वतः निर्दोष आहे. चोवीसला पाचाने गुणले की १२० होतात, तेव्हा प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवले की हिशेब चोख जुळतो. पण अनेक संच तसे करत नाहीत. दोन चित्रांच्या मध्ये ते आपल्या अंदाजाने नवी चित्रे रचून घालतात. खतावणीतील दोन खऱ्या नोंदींच्या मध्ये मुनिमाने चार नोंदी मनाने घालाव्यात आणि पान मात्र नीटनेटके दिसावे, त्यातला हा प्रकार. क्रिकेट पाहताना यामुळे चेंडू स्पष्ट दिसतो असे काहींना वाटते. चित्रपटाचे मात्र रूपच पालटते. टॉम क्रूझ यांनी २०१८ साली चित्रफीत प्रसृत करून ही सोय बंद ठेवण्याची विनंती प्रेक्षकांना केली होती.

आपल्या शास्त्रात समय हा काळाचा सर्वांत सूक्ष्म, अविभाज्य अंश मानला आहे. पापणी लवते तेवढ्यात असंख्यात समय निघून जातात, आणि प्रत्येक समयाला द्रव्याचे पर्याय पालटत असतात. या दृष्टीने पाहिले तर १६, २४, ४८ किंवा १२०, कोणत्याही यंत्राची गणना अपुरीच. पूर्ण पाहणे हे केवलज्ञानाचे लक्षण. यंत्राच्या वाट्याला काही अंश तेवढे येतात. मग किती अंश पुरेत, हे कुणीतरी ठरवावे लागते. शंभर वर्षे ते फिल्मच्या किमतीने ठरवले. आता यंत्र कितीही द्यायला तयार आहे, तेव्हा ते आपल्याला ठरवायचे आहे. भोगोपभोग-परिमाण व्रताचा आशय तरी दुसरा काय? वस्तू परवडत नाही म्हणून सोडणे निराळे, आणि परवडत असताना प्रमाण राखणे निराळे. व्रताची खरी कसोटी दुसऱ्या ठिकाणी लागते.

म्हणून एक व्यावहारिक सूचना. संचाच्या सेटिंगमध्ये चित्राचा विभाग उघडावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय तिथे असते. प्रत्येक कंपनीने तिला निराळे नाव दिले आहे. नावात बहुधा ‘मोशन’ हा शब्द सापडतो. चित्रपटासाठी ती बंद करावी. काही नव्या संचांत ‘फिल्ममेकर मोड’ असतो. तो निवडला की हे आपोआप होते. संच खरेदी करताना आकड्याआधी ही सोय बंद करता येते का, हे विचारावे. आपला माल विकताना जो प्रश्न ग्राहकाने विचारावा असे आपल्याला वाटते, तो दुसऱ्याच्या दुकानात आपणही विचारावा.

आमच्या घरी चिरंजीवांनी ती सोय बंद केली आणि पुढच्या रविवारी तोच चित्रपट पुन्हा लावला. संपल्यावर मातोश्रींनी पदराने डोळे टिपले आणि विचारले, “आता बरोबर दिसला. काय घातलंस रे यात?”

नातू म्हणाला, “आजी, घातलं काही नाही. जास्तीचं होतं ते काढलं.”