गर्दुल्ला : गुन्हेगार की रोगी?

घरातला तरणाताठा मुलगा रात्री अवेळी येतो, जेवत नाही, कोणाच्या नजरेला नजर देत नाही. आधी देवघरातली समई नाहीशी होते, मग आईच्या पाटल्या. बाप चारचौघांत ब्र काढीत नाही. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न! अखेर एके दिवशी ते पोर गटाराकाठी पडलेले सापडते आणि सारी गल्ली एकमुखाने निवाडा देते : ‘वाया गेला!’ या निवाड्याशी आमचे भांडण आहे.

व्यसनी व्हायचे ठरवून कोणी व्यसनी होत नाही. सोबत्यांचा आग्रह, रिकामे हात, अपयशाचा सल आणि हाकेच्या अंतरावर मिळणारी पुडी, एवढी सामग्री पुरेशी होते. चांदीच्या कागदावर गर्द घ्यायची, खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. पहिल्या दिवशी ही केवळ मौज असते. पुढे शरीर त्या विषाला असे सरावते की कालची मात्रा आज पुरत नाही आणि ती न मिळाली तर नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, हाडे ठणकतात, झोप उडते. व्यसनी लोक याला ‘टर्की’ म्हणतात. मग तो सुखासाठी ओढीत नाही, यातना चुकविण्यासाठी ओढतो. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणून सांगणे म्हणजे हिवतापाने कापणाऱ्याला ‘कापू नकोस’ असे बजावण्यासारखे आहे!

हा रोग आहे आणि त्यावर इलाज आहे, हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहे. डॉ. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या साह्याने डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून सुटलेली माणसेच तेथे नव्या रुग्णांना धीर देतात आणि रुग्णाच्या पत्नीलाही उपचारात सामावून घेतले जाते.

परंतु अशी दारे किती? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीप्रमाणे देशात 2 कोटींहून अधिक लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करीत होते. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे केवळ एकाला काही ना काही उपचार मिळत होते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनाला शिक्षा आहे. पण आपण होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारे कलम 64 अ देखील त्याच कायद्यात आहे. किती आईबापांना हे ठाऊक आहे?

पुडी विकून माड्या बांधणाऱ्यांना दयामाया नको, हे आम्ही निक्षून सांगतो. मात्र विक्रेता मोकळा आणि गिऱ्हाईक गजाआड, हा न्याय नव्हे.

सरकारने प्रत्येक तालुक्याच्या इस्पितळात व्यसनी रुग्णांसाठी खाटा राखल्या पाहिजेत. ही मागणी आपण लावून धरूच. पण आपल्या तालमी, वाचनालये आणि गणेशोत्सव मंडळे यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. प्रत्येक गल्लीत, लपवू पाहणाऱ्या बापाजवळ जाऊन ‘चला, आम्ही बरोबर येतो’ म्हणणारी दोन माणसे निघाली पाहिजेत. अब्रू पोराला दडवून राहत नाही, त्याला वाचवून राहते!