बालदिनाचें तिकीट

आमच्या वडिलांची तिकिटांची वही परवां नातवानें माळ्यावरून काढली. तींत १४ नोव्हेंबर १९५७ ह्या दिवशीं, म्हणजे पंडित नेहरूंच्या जन्मदिनीं, टपालखात्यानें बालदिनानिमित्त काढलेलीं तिन्ही तिकिटें निघालीं. आठ नव्या पैशांच्या तिकिटावर केळें खाणारा मुलगा, पंधराच्यावर पाटीवर लिहिणारी मुलगी आणि नव्वदच्यावर बांकुऱ्याचा मातीचा घोडा. अन्न, विद्या आणि खेळ!

"आजोबा, ह्यांत नेहरू कोठें आहेत?" नातवाचा प्रश्न रास्त होता. जन्मदिन पंतप्रधानांचा आणि चित्र मुलांचें! हयात माणसाचें चित्र तिकिटावर येतच नसे, असें नव्हे. पुढच्याच वर्षीं महर्षि कर्व्यांचें आलें. त्या दिवशीं ते शंभर वर्षांचे झाले होते. नेहरूंची मुद्रा मात्र आपल्या तिकिटावर आली ती १९६४ च्या जूनमध्यें, त्यांच्या निधनानंतर.

केळें खाणाऱ्या त्या मुलाकडे पाहतां पाहतां आम्हांस आमच्या नोकरींतला एक बालदिन आठवला. तसबिरीस हार घातला गेला, तीन भाषणें झालीं, चौथें आमचें. तें तर चांगलें अर्धा तास चाललें. मध्येंच पुढच्या रांगेंतल्या एका मुलानें हळूच विचारलें, "गुरुजी, खाऊ केव्हां?" शिस्तभंग म्हणून आम्हीं त्यास उभें केलें. खाऊ वाटावयास घेतला तेव्हां दोन वाजून गेले होते. तो मुलगा अजून उभाच होता. त्यास बसावयास सांगण्याचें आम्हीं विसरलों होतों.