लढणारा 'तो', जहाज मात्र 'ती'

इंग्रजीत लढाऊ जहाजाला 'मॅन ऑफ वॉर' म्हणत. म्हणजे लढाईतला माणूस, आणि माणूस म्हणजे अर्थातच पुरुष. आधी हा शब्द सैनिकासाठी होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो जहाजाला चिकटला. गंमत अशी की नावात 'मॅन' असलेल्या याच जहाजाला खलाशी 'ती' म्हणत. का? तर तिला रंगरंगोटी लागते, ती खर्चिक असते, तिला ताब्यात ठेवायला कसबी पुरुष लागतो! असले विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालले. 'लॉइड्स लिस्ट' या जहाजव्यवसायाच्या जुन्या पत्राने 2002 मध्ये 'ती' म्हणणं सोडलं, तेव्हाही कित्येकांना राग आला.

आपली युद्धनौकाही स्त्रीलिंगीच. व्याकरणात बाईला जागा आहे हो, डेकवर नव्हती. 1992 मध्ये आपल्या नौदलाने डॉक्टरांपलीकडे स्त्री अधिकारी घेतल्या, पण मोजक्या शाखांत आणि मुदतीपुरत्या. कायम कमिशनसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तिथे सरकारने सांगितलं काय, तर रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी बाथरूम नाहीत! क्षेपणास्त्रं बसवता येतात, न्हाणीघराला दार बसवता येत नाही? 17 मार्च 2020 रोजी न्यायालयाने सरकारचं म्हणणं फेटाळलं. डिसेंबर 2023 मध्ये लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची 'आयएनएस त्रिंकट'च्या प्रमुखपदी निवड जाहीर झाली. नौदलाच्या जहाजाची सूत्रं मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आता म्हणाल, भूम तालुक्यातल्या ईटला समुद्राचं काय? इथे मी बचत गटांचं काम करते. 2022 पासून अग्निवीर म्हणून मुलींनाही नौदलात खलाशी होता येतं. आमच्या गटातल्या दोघींच्या मुली रोज पहाटे रस्त्यावर धावतात. त्या एका भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रात गेल्या, तर संचालक म्हणाले, "मुलींची सोय नाही." दिल्लीत हरलेलं वाक्य इथे अजून ताठ मानेने फिरतंय. आणि मैत्रिणींनो, शाळेतून मुलगी काढतानाही हेच वाक्य असतं, रात्रपाळी नाकारतानाही हेच. सोय करायची कोणी, हे मात्र त्यात कधीच नसतं.

दोघींच्या आयांनी गवंड्याकडून दोन बाथरूमच्या खर्चाचा अंदाज लिहून आणलाय. सोमवारी गटातल्या आम्ही सगळ्याजणी तो कागद घेऊन संचालकांकडे जाणार आहोत. फी मुलांइतकीच घेणार असाल तर बांधकाम कधी सुरू करता, ती तारीख आम्हाला लेखी हवी आहे.